टाकीवरचा निर्धार

गावात महिनाभर नळाला पाणी नव्हतं, म्हणून आमचे पुंजाजी निषेध करायला पाण्याच्या टाकीवर चढले. दुपारी रिसोडहून पाणीपुरवठ्याचे साहेब आले आणि लेखी आश्वासन देऊन गेले. पण तोवर पुंजाजींनी एकदा खाली पाहिलं होतं. डोळे मिटून, कठड्याला मिठी मारून ते वरूनच ओरडत होते, "मले चक्कर येऊन राह्यली बाप्पा, कोनी तरी उतरवा." शेवटी संध्याकाळी तिघांनी कमरेला दोर बांधून त्यांना खाली आणलं.

दुसऱ्या दिवशी बातमीदार अमरदीपची बातमी पेपरात आली : "लेखी आश्वासनानंतरही पुंजाजी निर्धारावर अढळ." ती वाचून साहेब इतके धास्तावले की दुपारीच नळाला पाणी आलं.

आठवड्याने केनवडकडची माणसं हार आणि जीप घेऊन पुंजाजींच्या दारात हजर झाली. सोबत अमरदीपही होता.

"भाऊ, आमच्या गावातही नळाला पाणी नाई, आता आमच्या टाकीवर चढा."

"मी चढत नाई," पुंजाजी म्हणाले.

आलेल्या माणसांनी हात जोडले, पाय धरले. बायको तुळसाबाई म्हणाली, "जा ना आता, येवढे लोक आले." पुंजाजी ओट्यावरून तसूभर हलले नाहीत. "जीव गेला तरी चढत नाई."

हा माणूस एका शब्दावर टिकलेला आम्ही जन्मात पहिल्यांदा पाहिला.



सकाळी पेपरात मथळा होता : "पुंजाजी डगमगले."