दोन कॉटमधला समुद्र

बाबा भूगोलाचे मास्तर. त्यांच्या घोरण्याला वैतागून आईने त्यांची कॉट समोरच्या भिंतीला लावून टाकली, तेव्हा ते लेकीला म्हणाले होते, "खंडसुद्धा असेच दूर गेले गं. पण किनारे अजून जुळतात. दोन्हीकडे तेच खडक, तेच जीवाश्म. एकेकाळी चिकटून होते, याचा याहून पक्का पुरावा कुठला?"

"इथे एकच जीवाश्म आहे, आणि तो घोरतो," आईने त्यांचं तोंड बंद केलं होतं.

बाबा गेल्यावर आईने फर्मान काढलं, "ती कॉट घेऊन जा बाई तुझ्याकडे. उगाच खोली अडते."

लेक कॉट उचलायला वाकली. बाबांच्या कॉटचे पाय वर्षानुवर्षं जागचे हललेले दिसत नव्हते. फरशीवरचे ओरखडे मात्र आईच्या कॉटच्या पायांपासून निघून थेट या कॉटला येऊन भिडत होते. बरेचसे जुने होते, एकदोन अगदी ताजे.

"आई, हे काय?"



"खंड आपोआप सरकतात, तुझे बाबाच सांगायचे," आई खिडकीकडे बघत म्हणाली, "आणि राहू दे ती कॉट तिथेच."