धामण

बांधावरच्या गवतातून पाय बाहेर काढत केरबा बायकोला म्हणाला, “चावली, पण धामण हाय. तिला विष नसतंय.”

हौसाबाईनं विळा खाली टाकला. साप जाताना तिनं नीट बघितला होता. जाड अंग, पाठीवर साखळीसारखे ठिपके, कुकरच्या शिट्टीसारखा फुत्कार. पन्नास वर्षं ती याच बांधावर गवत कापत होती. घोणस तिला पक्की ओळखू येत होती.

“अवं, मला घोणस वाटली,” ती पुटपुटली.

“तुला काय कळतंय? गप भारा बांध.”

तिनं भारा बांधला.

दुपारपर्यंत त्याचा पाय मांडीपर्यंत सुजला. शेजाऱ्यांनी त्याला जीपमधून तालुक्याच्या दवाखान्यात आणलं, तेव्हा तो शुद्धीवर नव्हता. डॉक्टरीणबाईंनी हौसाबाईचा हात धरला. “आजी, साप कुणी बघितला? कोणता होता? लवकर सांगा.”

तिच्या डोळ्यांपुढून ती साखळी पुन्हा सरपटत गेली. तिनं तोंड उघडलं आणि सवयीनं नवऱ्याकडं बघितलं.

“मी बघितला,” ती रडत म्हणाली. “पण मला काय कळतंय? ह्यांनी सांगितलंय, धामण हाय.”