तोंड उघडं ठेवा

खरा रोल-प्लेइंग व्हिडिओ गेम कशाला म्हणायचं, यावरून दातांचे डॉक्टर आणि त्यांच्या असिस्टंटबाई यांची जुंपली होती. पेशंटच्या उघड्या तोंडावर.

"गेम सेव्ह करायची सोय असली की तो पोरखेळ," डॉक्टर चिमटा उचलत म्हणाले. "खऱ्या गेममध्ये माघार नाही. चुकलात, की निस्तरा."

"तो गेम नाही डॉक्टर, संसार झाला," असिस्टंटबाई म्हणाल्या. "मागच्या सेव्हवर परत जाता आलं, तरच माणूस बिनधास्त खेळेल."

अर्धी नोकरी गेम खेळण्यातच घालवलेल्या पेशंटने एरवी दोघांनाही गप्प केलं असतं. पण आत्ता त्याला वेगळंच सांगायचं होतं. किडलेली दाढ शेवटची होती आणि वरच्या दिव्याच्या काचेत त्याला दिसत होतं, चिमटा बसला होता तिच्या धडधाकट शेजारणीवर. जबडा बधिर, तोंडात लाळ ओढणारी नळी. तो हात वर करून जीव तोडून म्हणाला, "आँ! आँ!"

"हात खाली. तुमचं मत नंतर ऐकतो," म्हणत डॉक्टरांनी हिसका दिला.

दाढ निघाली. डॉक्टरांनी ती दिव्याखाली फिरवून फिरवून पाहिली. पांढरीशुभ्र होती. मग ते असिस्टंटबाईंकडे झुकून हळूच म्हणाले,

"तुम्ही सेव्ह केलं होतंत का हो?"