आतली बाजू

थोरला भाऊ सासुरवाडीला गेलाय तोवर दाराला नवं कुलूप बसलं, की दोन्ही खोल्या गॅलरीसकट धाकट्याच्या होणार होत्या. सौदा वाईट नव्हता.

"आतून फिरकी, बाहेरून किल्ली," त्याने सुताराला बजावलं. "आला की बसू दे दादाला जिन्यात बोंबलत."

सोफ्यावर भाजी निवडणारी बायको खुदकन हसली.

सुताराने खोबण कोरली, कुलूप बसवलं आणि तपासायला जिन्यात जाऊन दार ओढून घेतलं. धाकट्याने फिरकीकडे हात नेला. समोर किल्लीचं भोक होतं.

"अहो मिस्त्री, उलटं बसवलंत! फिरकी तुमच्याकडे गेली."

"सुलटंच आहे, साहेब," पलीकडून सुतार म्हणाला. "मी आत आहे. बाहेर तुम्ही आहात."

"थट्टा पुरे! उघडा!"

"कोण हो बाहेर, मिस्त्री?" पलीकडून थोरल्याचा आवाज आला.

धाकट्याने मागे पाहिलं. पंखा फिरत होता. सोफ्यावर नुसती भाजी होती.

"कुणी नाही, भाऊजी," दारापलीकडून त्याची बायको म्हणाली. "लावून टाका."

कुलपाची जीभ खोबणीत सरकली.

थोरल्याला घर राहिलं, सुताराला मजुरी सुटली, बायकोच्या डोक्यावरचं छप्पर टिकलं. किंमत तेवढी धाकट्याने मोजली, आपल्याच सोफ्याशेजारी, बाहेर उभं राहून.