बुडवायची फुलं

"त्याला पुढेच चालू दे," मर्व बहिणीच्या कानाशी पुटपुटला. "पाठीमागे असला की मला सारखं वळून बघावंसं वाटतं."

एनिडने चाल मंदावली. तिचा जावई कॉलम फुलांची जुडी छातीशी धरून पायवाटेने पुढे चालला होता. जुडीच्या देठांना दगड बांधला होता. मेलबर्नच्या माणसाला त्याचं कारण सांगावं लागलं होतं. हे तळं म्हणजे जुन्या ज्वालामुखीचं तोंड. त्यातून पाण्याला बाहेर वाट नाही. वर तरंगत सोडलेली फुलं कुजून पुन्हा काठालाच येतात. म्हणून एनिडच्या घरात फुलं पाण्याखाली धरतात, पुरती भिजू देतात आणि मग सोडतात. हे काम आईने आणि जोडीदाराने करायचं. बाकीच्यांनी काठावर उभं राहायचं.

एनिडची मुलगी ब्रॉनी नाहीशी झाली त्याला चार महिने झाले होते. बुडाली, असं पोलीस म्हणाले. तळं खोल, तळाशी पाणी फार गार. देह वर येईलच असं नाही. तिचा लाल स्कार्फ पलीकडच्या उतारावर सापडला होता. वादळात मोठी झाडं पडून तिथे ऊन यायला लागलं होतं, आणि उन्हाबरोबर डंखाच्या झाडांचं रान माजलं होतं. स्कार्फ त्या रानाच्या ऐन मध्यावर होता.

एनिडचं मन तिथेच अडकलं होतं. इथे वाढलेली मुलगी त्या रानात आपणहून शिरणार नाही. तिला कुणीतरी ओढत नेलं होतं.

वळणावर उन्हाच्या तुकड्यात तसलंच एक झाड होतं. हृदयाच्या आकाराची पानं, त्यांवर मऊ लव.

"हे काय आहे?" कॉलमने हात पुढे केला.

"लावू नकोस हात. टोचतं," एनिड म्हणाली.

पुढचं तिने सांगितलं नाही. ती लव म्हणजे काचेसारख्या बारीक सुया. कातडीत शिरल्या की महिनोन्‌महिने निघत नाहीत. लहानपणी तिला ते झाड लागलं होतं. हात वरून बरा दिसायचा, पण पुढचे दोन हिवाळे गार पाणी लागलं की पुन्हा तीच आग. आई तिला आंघोळीला ओढत न्यायची आणि ती किंचाळायची.

एरवी मर्वने इथे थांबून घोड्याला झाड लागल्याची गोष्ट रंगवली असती. आज तो मुकाट्याने पुढे गेला. एनिडला बरं वाटलं.

काठाजवळच्या बाकावर तिने चहा ओतला. मर्वने पिशवीतून बियरची बाटली काढली.

"उन्हात तापलेली बियर!" एनिड म्हणाली. "बाबांनी पाहिलं असतं तर घराबाहेर काढलं असतं तुला."

"घसा गं. डॉक्टरने थंड बंद केलंय."

"भांडी विसळणंही डॉक्टरनेच बंद केलं वाटतं?"

"ते मी जन्मल्यापासूनच बंद केलंय."

तिला हसू आलं. या महिन्यांत तिला हसवणारा हा एकटाच होता. ब्रॉनीच्या वाट्याच्या गाईही तोच बघत होता, एका शब्दानेही न कुरकुरता. आणि जे कुणी बोलत नव्हतं तेही तोच बोलला होता: "बायको रानात गेली आणि नवरा म्हणे घरी झोपला होता! पटतं तुला?"

"चल," एनिड कॉलमला म्हणाली. "दोन्ही हात घाल. कोपरापर्यंत."

कॉलमने बाह्या सारल्या आणि शेवाळलेल्या दगडावर गुडघे टेकले. एनिड शेजारी टेकली. ऑगस्टचं, इथल्या ऐन हिवाळ्यातलं पाणी होतं. तिचीच बोटं बधिरली. ती फुलांकडे बघत नव्हती. ती त्याच्या चेहऱ्याकडे बघत होती.

जुडी पाण्याखाली गेली. पाकळ्यांतून बुडबुडे सुटले. कॉलमचे हात हलले नाहीत. शेवटचा बुडबुडा येऊन गेला तरी तो तसाच होता.

"ती मला उठवत होती," तो म्हणाला. "चल म्हणत होती फिरायला. मी कूस बदलली, एनिड. तुम्ही माझ्याशी बोलत नाही, ते बरोबरच आहे."

त्याने बोटं उघडली. फुलं काळ्या पाण्यात उतरत गेली.

एनिडच्या आत काहीतरी खचलं. या पोराच्या एकाही फोनला तिने उत्तर दिलं नव्हतं. तिने त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि त्या आधाराने उठू लागली. डोळे भरून आले होते, दगड दिसला नाही. तिचा पाय सटकला आणि ती पाण्याच्या बाजूला कलंडली.

मागे बाटली फुटल्याचा आवाज झाला. मर्वने काठावरून स्वतःला झोकून दिलं, एका हाताने दगड धरला, दुसरा खांद्यापर्यंत पाण्यात घालून तिला कमरेखालून उचललं आणि वर ढकललं. कॉलमने तिला ओढून घेतलं.

"धरलं, धरलं तुला, एनिड," मर्व धापा टाकत म्हणाला.

आणि मग ओला हात छातीशी आवळून तो किंचाळला, अगदी लहानपणी एनिड किंचाळायची तसा.