इफीचा भाचा

हॅरिस बेटावरच्या आमच्या गावात मॅकॅस्किल घराण्यातली एकटी इफीच उरली होती. लग्न केलं नाही, भाऊ मासेमारीला गेला तो परत आला नाही. नाताळलाही तिच्या टेबलावर एकच ताट असायचं.

यंदा उन्हाळ्यात कॅनडाहून लॉर्न मॅकॅस्किल आपलं मूळ शोधत आला. त्याचे पणजोबा इथूनच बोटीत बसून गेले होते. इफीने त्याला त्यांच्या पडक्या घरातली चूल दाखवली. मग समुद्रकाठच्या दफनभूमीत नेलं आणि शेवाळ खरवडून खापरपणजोबांचा दगड मोकळा करून दिला. लॉर्न गुडघ्यांवर बसला आणि दगडाला हात लावून हमसून हमसून रडला.

इफीने त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "हे माझे पणजोबा रे. तुझे पणजोबा नि माझे आजोबा सख्खे भाऊ. म्हणजे मी तुझी चुलत आत्याच की! आज जेवायला घरीच ये. मटणाचं सूप सकाळीच चढवलंय."

तेवढ्यात ढग सरले नि छान ऊन पडलं. लॉर्नने डोळे पुसले, लगबगीने फोन काढला.

 

"आजी, जरा बाजूला होता का? दगडावर तुमची सावली पडतेय."