आमेनची वाट

आमच्या घरात "ओ गॉड", "जीझस" असं उगाच म्हणायची सोय नव्हती. कोणाच्या तोंडून निघालंच, तर आई हातातलं सगळं थांबवायला लावायची. "हाक मारलीस ना प्रभूला? मग आता काम सांग." दूध उतू जाऊन ओट्यावरून ओघळत असताना मी डोळे मिटून म्हटलेलं आहे, "प्रभू, माझं लक्ष गॅसवर राहू दे. आमेन." आणि कोणी प्रार्थनेत असलं की मध्ये बोलायचं नाही, हाही तिचाच नियम.

काल दुपारी मी इस्त्री करत होते. आई आतल्या खोलीत कपाट आवरत होती. एकदम तिचा आवाज आला, "अरे देवा!"

इतक्या वर्षांत पहिल्यांदाच तावडीत सापडली होती. मी इथूनच ओरडले, "हाक मारलीस ना? मग आता काम सांग!"

आतून काहीच आवाज नाही. तिची प्रार्थना मेली नेहमीच लांबलचक. मी हसू दाबून उशांचे चार अभ्रे इस्त्री केले, चहा टाकला आणि दोन कप घेऊन आत गेले.

ती कपाटाला टेकून जमिनीवर बसली होती. मान खाली, डोळे मिटलेले. मी दारातच थांबले, तिच्या आमेनची वाट बघत.

डॉक्टर म्हणाले, "अर्धा तास आधी आणलं असतं तर वाचल्या असत्या. तुम्ही घरातच होतात ना? त्यांनी हाक नाही का मारली?"